मंत्र्याचें उत्तर : इतिहाससाधन म्हणून त्याचा विचार

राज्यकारभार चालविणारा मंत्री लोकप्रतिनिधींच्या सभेंत उभा राहून प्रश्नांस जीं उत्तरें देतो, त्यांस इतिहासाचें साधन म्हणून काय किंमत द्यावी, याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाहीं. बखर, शकावली, करीना, महजर, निवाडपत्र यांची प्रत ठरविण्याची रीत इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पिढीपासून आपल्यांत रूढ आहे. बखरीपेक्षां अस्सल पत्र बलवत्तर, हें आतां कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु कायदेमंडळाच्या कामकाजाचीं छापील पुस्तकें हातीं आलीं कीं आपला संशोधक एक तर तीं रद्दींत टाकतो, किंवा सरकारी छापखान्याचें नांव पाहून त्यांतील अक्षर न् अक्षर प्रमाण मानतो. आमच्या मतें या दोन्ही रीती सारख्याच घातक आहेत. मंत्र्याचें उत्तर हें साधन खरेंच. पण कोणत्या जातीचें साधन, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. त्यामुळें या प्रश्नाचा विचार करतांना धर्मशास्त्रांतील व्यवहारप्रकरणाकडे दृष्टि वळावी, हें स्वाभाविक आहे. याज्ञवल्क्यस्मृति व तिच्यावरील मिताक्षरा यांत व्यवहार चतुष्पाद सांगितला आहे. वादीचें म्हणणें ती भाषा. प्रतिवादीचें म्हणणें तें उत्तर. साक्षी, लेख, भुक्ति इत्यादि प्रमाणांनीं सिद्ध करून देणें ती क्रिया. आणि शेवटीं साध्यसिद्धि. यांपैकीं उत्तराचे पुनः चार प्रकार. आरोप मान्य करणें ती संप्रतिपत्ति. साफ नाकारणें तें मिथ्योत्तर. गोष्ट खरी पण तिला अमुक कारण होतें असें म्हणणें तें प्रत्यवस्कंदन अथवा कारणोत्तर. आणि ‘याचा निकाल पूर्वींच झाला आहे’ असें म्हणणें तो प्राङ्न्याय. धडा लिहून आणलास काय असें विचारतांच ‘लिहिला, पण वही घरीं राहिली’ असें सांगणारा विद्यार्थी प्रत्यवस्कंदनांत मुरलेला असतो, हें चाळीस वर्षांच्या अनुभवानें सांगतां येतें. याखेरीज शास्त्रकारांनीं उत्तराभासहि सांगितले आहेत : संदिग्ध, प्रकृतास सोडून दिलेलें, फार अल्प, फार विस्तृत, पक्षाच्या एकाच भागास लागू पडणारें. असें उत्तर हें उत्तरच नव्हे, असा त्यांचा निर्णय आहे.

यावर कोणी असें म्हणेल कीं, सभेंतील सदस्य हा वादी नव्हे. तो माहिती विचारतो, फिर्याद करीत नाहीं. रूपापुरतें हें खरें आहे. प्रश्न हा माहितीसाठींच असावा, त्यांत तर्क अथवा आरोप नसावा, असा नियमच आहे. तथापि ज्यास कांहींच झोंबणार नाहीं असा प्रश्न विचारण्याची यातायात कोण करील ? माहितीच्या मिषानें जबाबदारी कबूल करविणें हाच या प्रश्नांचा हेतु. तेव्हां सभेंत जें होतें तें भाषा व उत्तर, हे दोनच पाद होत. क्रिया तेथें होत नाहीं. क्रियेचीं साधनें दप्तरांत, खाजगी पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत असतात. आणि तीं पुष्कळदां दुसऱ्या गांवीं, किंबहुना दुसऱ्या देशांत असतात. आमचें सारें म्हणणें या एका गोष्टीवर उभें आहे.

इंग्लंडच्या पार्लमेंटांत मंत्र्यास विचारलेला पहिला नोंदलेला प्रश्न ता. ९ फेब्रुवारी १७२१ चा मानतात. वरिष्ठ सभेंत अर्ल कौपर यानें अर्ल सन्डरलंड यास विचारलें कीं, साउथ सी कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हा देशांतून पळाला व ब्रुसेल्स येथें पकडला गेला अशी जी वार्ता आहे ती खरी काय. सन्डरलंड हा त्या वेळीं खजिन्याचा प्रथम लॉर्ड, म्हणजे कारभाऱ्यांतील मुख्य. त्यानें वार्ता खरी असल्याचें सांगितलें. ही शुद्ध संप्रतिपत्ति. येथें संशोधकास अडण्यासारखें वरवर कांहींच नाहीं.

आतां या तारखेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. इंग्लंडांत त्या काळीं जुनी गणना चालू होती आणि सरकारी वर्ष २५ मार्चला पालटे. म्हणून तत्कालीन कागदांत हीच तारीख १७२० सालची म्हणून येते, आणि नव्या गणनेनें ती २० फेब्रुवारी १७२१ होते. आपल्या शकाप्रमाणें वर्ष १६४२. शिवछत्रपतींच्या जन्माची तिथि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही १९ फेब्रुवारी १६३० या तारखेशीं जुळवितात ती जुन्या गणनेनें, नव्या गणनेनें तो दिवस १ मार्च येतो, हें वाचकांस विदित आहेच. इंग्लंडनें नवी गणना १७५२ त स्वीकारली. इंग्रजी कागदांवरून मराठी तिथि लावतांना हें ध्यानांत न ठेवल्यामुळें झालेले घोटाळे आपल्या संग्रहांत कमी नाहींत. असो.

सन्डरलंडचें उत्तर खरें होतें. पण तें पुरतें होतें काय? नाइट हा जानेवारींत पळाला तेव्हां कंपनीचें एक हिशेबाचें पुस्तक, ज्यास हिरवी वही म्हणत, सोबत घेऊन गेला होता. पैसे न भरतां ज्यांच्या नांवें कंपनीचे भाग मांडले होते अशा बड्या लोकांचीं नांवें तींत होतीं, आणि संशयितांत खुद्द सन्डरलंडहि होता. मार्चमध्यें कनिष्ठ सभेनें १७२ विरुद्ध २३३ मतांनीं त्यास निर्दोष ठरविलें. एप्रिलांत त्याची जागा वॉलपोलकडे गेली. नाइट यास अँटवर्पच्या किल्ल्यांत ठेविलें होतें. ब्राबांत प्रांताच्या जुन्या सनदेचा आधार दाखवून त्यास परत देण्याचें नाकारण्यांत आलें, आणि ऑक्टोबरांत तो तेथूनहि निसटला. तो परत यावा अशी इंग्लंडच्या दरबाराचीहि मनापासून इच्छा नव्हती, असें नंतरच्या संशोधकांनीं दाखविलें आहे. म्हणजे पहा : अंतर्गत कारभाराचा प्रश्न, परराज्याशीं चाललेला व्यवहार, आणि उत्तर देणाऱ्याचा स्वतःचा गुंता, हीं तिन्ही त्या पहिल्याच प्रश्नांत आहेत. उत्तर खरें, पण पक्षाच्या एकाच भागास लागू पडणारें. जी क्रिया व्हावयाची ती हिरव्या वहींत होती, आणि वही समुद्रापलीकडे.

या जुन्या उत्तरांच्या पाठाविषयींहि सावध राहिलें पाहिजे. सभेंतील भाषणें छापणें हा इंग्लंडांत दीर्घकाळ हक्कभंग समजत. १७७१ नंतर ती अडवणूक व्यवहारांत ढिली झाली. कॉबेट यानें १८०३ त वादविवादांचे वृत्तांत छापण्यास आरंभ केला. पुढें तें काम हॅन्सर्ड या मुद्रकाकडे गेलें व त्याचेंच नांव त्या ग्रंथमालेस चिकटलें. पण हॅन्सर्डचे स्वतःचे लेखक सभेंत बसत नसत. वर्तमानपत्रांतील वृत्तांत एकत्र करून, वक्त्यांकडून दुरुस्त करवून तो छापी. सभेचे स्वतःचे वृत्तलेखक १९०९ पासून आले. तेव्हां त्यापूर्वींचें हॅन्सर्ड हें अस्सल नसून नक्कल आहे, आणि तीहि वक्त्याच्या हातून फिरलेली. अस्सल व नक्कल यांतील भेद ज्यांनीं पेशवे दप्तरावर हात बसवून घेतला आहे, त्यांस याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

हिंदुस्थानांत कौन्सिलांतील सभासदांस प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्यानें मिळाला. पहिला प्रश्न ता. १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं अयोध्या प्रांतांतील भिंग्याच्या राजांनीं विचारला. सरकारी अंमलदार फिरतीवर निघाले म्हणजे त्यांस सामानसुमान पुरवितांना गांवच्या दुकानदारांचे जे हाल होतात, त्याविषयीं तो होता. आमच्या वाचकांस यांत ओळखीचा सूर लागेल. वेठबिगार, सरबराई, स्वारीच्या खर्चाची तोशीस यांविषयींचीं गाऱ्हाणीं आपल्या दप्तरांत पानोपानीं आहेत. रयत अथवा वतनदार कलमवार याद लिहून देई, आणि एकेका कलमाखालीं सरकारचा निर्णय लिहिला जाई. पेशव्यांच्या रोजनिशींत अशा यादी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस कौन्सिलांतील छापील प्रश्नोत्तरांचा घाट परका वाटणार नाहीं. भेद मात्र मोठा आहे. यादींतील कलमाखालचें उत्तर ही आज्ञा असे. कौन्सिलांतील उत्तर हें केवळ निवेदन असे. आज्ञेवरून काय करावयाचें ठरलें तें कळतें. निवेदनावरून काय सांगावयाचें ठरलें तेवढेंच.

त्या वेळच्या नियमाप्रमाणें उत्तरावर चर्चा करतां येत नसे. एकदां उत्तर मिळालें कीं प्रकरण मिटलें. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, आणि १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सभासदांसहि मिळाली. उपप्रश्नांचें महत्त्व संशोधकानें ओळखावें. लिहून आणलेलें उत्तर कचेरींत तयार होतें; उपप्रश्नास दिलेलें उत्तर मंत्र्याच्या तोंडून निघतें. पहिल्यांत कारकुनाचें मत दिसतें, दुसऱ्यांत मंत्र्याचें. १९०२ त बॅल्फोर यांच्या सुधारणेनें इंग्लंडांत तोंडी उत्तराच्या प्रश्नावर तारकाचिन्ह घालण्याची व बाकीच्यांस लेखी उत्तर देण्याची पद्धत पडली. तारांकित व अतारांकित हा आपल्याकडील भेद त्याच मुशींतला.

महाराष्ट्राच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनीं एक नियम विशेष लक्षांत ठेवावा. १९०९ नंतरच्या व १९२० च्या नियमांत परराज्यांशीं असलेल्या संबंधांविषयीं, तसेंच संस्थानिकांशीं असलेल्या सरकारच्या संबंधांविषयीं, प्रश्न विचारण्यास बंदी होती. म्हणजे पुण्याचा सभासद पुणें जिल्ह्यांतील पाटबंधाऱ्याविषयीं विचारूं शके, पण लगतच्या भोर अथवा फलटण संस्थानाशीं सरकारचे काय बोलणें चालू आहे हें विचारूं शकत नसे. कोल्हापूर, सांगली, औंध यांच्याविषयीं कौन्सिलाच्या पुस्तकांत कांहीं सांपडत नाहीं, म्हणून कांहीं घडलें नसावें, असा निष्कर्ष काढणें भ्रममूलक होय. त्यासाठीं रेसिडेन्सीचीं व पोलिटिकल एजंटांचीं दप्तरेंच धुंडाळलीं पाहिजेत. मौन हें सर्वत्र सारख्या अर्थाचें नसतें. कोठें तें अज्ञानाचें, कोठें नियमाचें.

कौन्सिलांत जें विचारतां येत नसे तें कधीं कधीं लंडनमध्यें विचारलें जाई, कारण हिंदुस्थानचा मंत्री तेथील सभेस जबाबदार असे. याचें आपणांस अत्यंत लागणारें उदाहरण म्हणजे १८९७ चा पुण्याचा प्लेग. घरें तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयीं पुण्यांतून गेलेल्या पत्रांवरून नामदार गोखले यांनीं इंग्लंडांत तक्रार प्रसिद्ध केली. ते तेव्हां वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास तेथें गेले होते. कनिष्ठ सभेंत प्रश्न आले. हिंदुस्थानचे मंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनीं मुंबई सरकारकडे विचारणा केली, आणि तेथून आलेल्या खुलाशाच्या आधारें आरोप नाकारण्यांत आले. शास्त्राच्या भाषेंत हें मिथ्योत्तर. मिथ्योत्तर आल्यावर क्रियेचा भार भाषा करणाऱ्यावर पडतो. गोखले मुंबईस परतले तेव्हां ज्यांनीं त्यांस लिहिलें होतें ते आपलीं नांवें पुढें करण्यास धजले नाहींत. त्याच जूनच्या २२ तारखेस रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती, आणि पुण्यांतील वातावरण काय होतें हें सांगावयास नको. पुरावा दाखवितां येईना, तेव्हां गोखल्यांनीं आरोप परत घेऊन जाहीर क्षमा मागितली.

या प्रकरणीं केवळ सभेचें पुस्तक वाचणारा काय म्हणेल ? आरोप झाला, मंत्र्यानें नाकारला, आरोप करणाऱ्यानें माघार घेतली. तस्मात् आरोप निराधार. पण यांत साध्यसिद्धि झालीच कोठें ? क्रियापाद रिकामा राहिला, एवढेंच सिद्ध होतें. मुंबई सरकारनें लंडनला कळविलें तें ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच खात्याच्या चौकशीवरून. हॅमिल्टन यांच्या उत्तराची योग्यता त्या तारेच्या योग्यतेपेक्षां अधिक असूं शकत नाहीं. ओढा उगमापेक्षां उंच वाहत नाहीं. हॅमिल्टन खोटें बोलले असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्यांस जें कळविलें तें त्यांनीं सांगितलें. पण प्लेगच्या त्या दिवसांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें त्या वर्षाचीं घरगुती पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, स्त्रियांच्या आठवणी हीं जपून वाचावींत. तीं कोणाच्या घरीं निघालीं तर ‘अर्वाचीन आहेत, मोडी असूनहि उपयोगाचीं नाहींत’ म्हणून परत करूं नयेत.

स्वातंत्र्यानंतर परराष्ट्रसंबंधांवरील बंदी उठली. सभापतीच्या आसनावर मराठी घराण्यांतील गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि १९५२ त लोकसभेचे पहिले अध्यक्षहि तेच झाले. पंतप्रधान नेहरू हे १९४७ पासून १९६४ पर्यंत परराष्ट्रमंत्रीहि असल्यामुळें घरचे व बाहेरचे दोन्ही प्रकारचे प्रश्न त्यांच्याचकडे येत. चीननें अक्साई चीनमधून काढलेल्या रस्त्याची गोष्ट १९५९ च्या ऑगस्टांत त्यांनीं संसदेंत उघड केली, आणि सप्टेंबरांत दोन्ही सरकारांमधील पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून सभेपुढें ठेविला. येथें उत्तरामागोमाग लेख आला, म्हणून संशोधकाचें काम सुकर झालें. असें नेहमीं होत नाहीं.

देशांतर्गत कारभारांतील प्रसिद्ध उदाहरण मुंध्रा प्रकरणाचें. आयुर्विमा महामंडळानें जून १९५७ त हरिदास मुंध्रा यांच्या संबंधांतील सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोट रुपयांचे भाग विकत घेतले. सप्टेंबरांत लोकसभेंत प्रश्न आला; मिळालेल्या उत्तरानें व्यवहाराचें पूर्ण स्वरूप उघड झालें नाहीं. डिसेंबरच्या १६ तारखेस फिरोझ गांधी यांनीं कागदपत्रांच्या आधारें तें सभेपुढें मांडलें. पुढें मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांचें चौकशीमंडळ मुंबईंत उघड्यावर बसलें, आणि फेब्रुवारी १९५८ त अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. मंत्र्यानें लवकरांत लवकर सर्व वस्तुस्थिति सभेपुढें ठेविली पाहिजे, असा अभिप्राय छागला यांनीं नमूद केला. भाषा, उत्तर, क्रिया, सिद्धि हे चारी पाद एकाच वर्षाच्या आंत पूर्ण झाल्याचें असें स्वच्छ उदाहरण विरळा.

याच्या उलट टोकाचें उदाहरण त्याच सुमाराचें व इंग्लंडचें आहे. ता. २४ ऑक्टोबर १९५६ रोजीं पॅरिसजवळील सेव्हर येथें इंग्लंड, फ्रान्स व इस्रायल यांच्या प्रतिनिधींनीं एक करारपत्र गुप्तपणें केलें : इस्रायलनें इजिप्तवर चढाई करावी, आणि मग इतर दोघांनीं लढणाऱ्यांस आवरण्याच्या निमित्तानें सुवेझकडे यावें. पांचच दिवसांनीं चढाई झाली. ३१ तारखेस परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांनीं सभेंत सांगितलें कीं, इस्रायलशीं आधीं करार झालेला नव्हता. हे गृहस्थ २२ तारखेस स्वतः सेव्हर येथें बोलण्यास गेले होते. ता. २० डिसेंबरला पंतप्रधान ईडन यांनीं तर, इस्रायल इजिप्तवर चढाई करील याची पूर्वकल्पना नव्हती, असें उत्तर दिलें. पुढच्या महिन्यांत ते अधिकारावरून उतरले. कारण प्रकृतीचें सांगितलें.

करारपत्राच्या तीन प्रती झाल्या होत्या. ईडन यांस असा कागद झाल्याचें कळतांच त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं पॅरिसला माणसें पाठवून सर्व प्रती परत मागविण्याचा यत्न केला, तो फसला. इंग्लंडची प्रत त्यांच्या आज्ञेनें नष्ट झाली, फ्रान्सची हरवली, आणि इस्रायलची तेवढी बेन गुरियन यांच्या कागदांत राहिली. तिचा पूर्ण पाठ चाळीस वर्षांनीं, १९९६ त, प्रसिद्ध झाला. तीनपैकीं एक प्रत उरली म्हणून ईडन यांचें उत्तर कोणत्या जातीचें होतें हें आज निश्चयानें सांगतां येतें. तीहि जळाली असती, तर सभेचें छापील पुस्तक शिल्लक राहिलें असतें, सुबक बांधणीचें, सरकारी शिक्क्याचें, प्रत्येक मोठ्या ग्रंथालयांत.

आतां संग्राहकांसाठीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. लोकसभेंतील प्रश्नांचा तास सकाळीं अकराचा. राज्यसभेनें तो २०१४ च्या अखेरीस बारावर नेला. लोकसभेंत एका दिवशीं वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठीं असतात, आणि २३० अतारांकितांस लेखी उत्तर मिळतें. तारांकित वीसांपैकीं थोड्यांचीच पाळी प्रत्यक्ष येते. बाकीच्यांचीं उत्तरें पटलावर ठेविलेलीं समजतात. म्हणून छापील पुस्तकांत उत्तर दिसलें कीं तें मंत्र्यानें उच्चारलेंच असें धरूं नये. खालीं उपप्रश्न आहेत कीं नाहींत तें पाहावें. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनांत प्रश्नोत्तरांचा तास झालाच नाहीं, तेव्हांचीं सारीं उत्तरें लेखी आहेत.

प्रश्नांच्या छापील याद्या ओळखण्यास सोप्या जाव्या म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर काढीत आले आहेत : तारांकितांस हिरवा, अतारांकितांस पांढरा, अल्पमुदतीच्या प्रश्नास फिकट गुलाबी. जुन्या सदस्यांच्या घरून असे गठ्ठे निघतात तेव्हां रंगांवरून ते वेगळे बांधण्याचा मोह होतो. तसें न करतां तारखेप्रमाणें एकत्रच ठेवावे. कांठावर सदस्यानें स्वहस्तें उपप्रश्न टिपलेले असतात, आणि तेवढे छापील पुस्तकांत कोठेंहि मिळत नाहींत. ‘चौकशी करून सांगूं’ असें मंत्र्यानें म्हटलेलें असेल तेथें खूण करावी. अशा वचनांचा पाठपुरावा करण्यास मावळंकरांच्या अध्यक्षपदाच्या काळांत, १९५३ त, लोकसभेनें आश्वासनांची समिति नेमली. वचन तीन महिन्यांत पुरें करावें असा दंडक आहे. त्या समितीचे अहवाल उत्तरांशेजारीं लावून वाचले म्हणजे कोणत्या उत्तरामागें पुढें कागद आला आणि कोणत्यामागें आला नाहीं, हें साल व तारखेसह हातीं लागतें.